तळाची तारीख

पाणीपुरवठा खात्यात त्यांना सगळे शेरेसाहेब म्हणत. हे काही त्यांचे आडनाव नव्हते. वर्ष संपताना हाताखालच्या प्रत्येक माणसाच्या कामाचा अहवाल त्यांना भरावा लागे, आणि त्या अहवालात अगदी तळाला दोन बोटे उंचीचा एक रकाना असे: ‘कामाविषयी शेरा’. बाकीचे पर्यवेक्षक त्यात ‘समाधानकारक’ लिहून मोकळे होत. एकाने तर त्या शब्दाचा रबरी शिक्काच करून घेतला होता. शेरेसाहेब मात्र त्या दोन बोटांच्या जागेसाठी आठवडा आठवडा विचार करत, कारण आळशी माणसाला नुसते आळशी म्हणून सोडून देणे हाच त्यांच्या मते एक आळस होता.

‘आळशी’ हा त्यांच्या लेखी सगळ्यांत सौम्य शब्द. आळशी माणूस काम करत नाही आणि केले असे म्हणतही नाही. भिंतीला टेकून बसलेला दिसतो, म्हणजे निदान कुठे आहे ते तरी कळते. सुस्त माणूस उठतो, पण त्याला उठवायला दुसरा माणूस लागतो. अंगचोर हा त्याहून वाईट. चौघांनी मिळून पाइप उचलला की हा बरोबर मध्ये शिरतो, हात लावलेला दिसतो, वजन मात्र घेत नाही. कामचुकार ऐन वेळी गायब होतो आणि हात धुवायला सगळ्यांच्या आधी हजर असतो. ‘ऐदी’ हा शब्द त्यांनी आयुष्यात एकदाच वापरला, एका पंपचालकासाठी. त्या गृहस्थाने पंपाच्या खटक्याला दोरी बांधून ती आपल्या बाकापर्यंत आणली होती. पायाच्या अंगठ्याने ओढली की पंप बंद.

या सगळ्यांच्या खाली, अगदी तळाशी, त्यांनी पाट्याटाकूला ठेवले होते. पाट्या टाकणारा वेळेवर येतो, गणवेश घालतो, दुपारी घाम पुसतो, संध्याकाळी ‘दमलो बुवा’ म्हणतो. कामाचे सगळे सोपस्कार होतात, फक्त काम होत नाही. बाकीचे कामाला फसवतात, हा कामावर विसंबलेल्या माणसाला फसवतो, असे शेरेसाहेब म्हणत आणि म्हणताना त्यांच्या ओठाची एक कड नकळत वर जाई, पायाखाली काहीतरी ओले आल्यासारखी. चौतीस वर्षांत हा शेरा त्यांनी दोघांनाच दिला होता. त्यातल्या एकाने रडून बदली मागून घेतली.

माणसे या शेऱ्यांना घाबरत आणि त्यांची चेष्टाही करत.

“साहेब, यंदा मला काय?” वर्षाअखेरीला एखादा विचारी.

“सुस्त. गेल्या वर्षीचाच.”

“तीन वर्षं सुस्तच आहे साहेब. आता बढती द्या की!”

“देतो. अंगचोर करू?”

“नको नको, सुस्तच बरं,” म्हणून तो पळे आणि बाकीचे हसत.

शेरेसाहेबांना खरी शिसारी होती ती एका माणसाची, आणि तो नेमका घरातला निघाला. त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. बारा वर्षांपूर्वी बायकोने हट्ट धरला होता, “मी कुठे म्हणते त्याला साहेब करा? टाक्या धुवायला तर टाक्या धुवायला, पण चिकटवा कुठेतरी.” तेव्हा खात्यात भरती चालू होती. मेहुणा टाक्या धुणाऱ्या तुकडीत लागला, आणि शेरेसाहेबांच्या डोळ्यांसमोर येऊन बसला तो कायमचाच.

बसला हा शब्द अगदी खरा. पंपघराच्या मागच्या बाजूला एक बादली पालथी असे, ती त्याची जागा. चपलांच्या टाचा त्याने चेपून सपाट केलेल्या, कारण पाय आत घालायचे कष्ट कोण घेणार. करंगळीचे नख वाढवलेले, आणि तुम्ही काही सांगत असाल तर ते कानात. जांभई आली तर तोंडावर हात धरायचाही कंटाळा, त्यामुळे समोरच्याला त्याच्या दाढा मोजता येत. काम सांगितले की तो “हो भावजी” म्हणे, इतक्या पटकन की सांगणाऱ्याला वाटावे हा निघालाच. मग तो एक पाय बादलीवरून खाली ठेवी आणि तिथेच थांबे.

रविवारी तो बहिणीकडे जेवायला येई. दारातूनच हाक मारी, “ताई, पाणी नको गं, चहाच टाक.” गेल्या दोन-तीन वर्षांत पाण्याचा पेला त्याने त्या घरात कधी तोंडाला लावला नव्हता. जेवताना तहान लागली तर आपल्या पिशवीतली बाटली काढी. बायकोला याचे कोण कौतुक! “माझ्या हातचा चहा म्हटला की याला दुसरं काही सुचत नाही.” शेरेसाहेबांना वाटे, भरलेला पेला उचलायचाही याला त्रास होत असावा.

पहिल्या वर्षी त्यांनी त्याला ‘अंगचोर’ लिहिले, दुसऱ्या वर्षी ‘कामचुकार’. बायको दोन दिवस बोलली नाही. मेहुण्याला मात्र काडीचे वाईट वाटले नाही. “भावजी,” तो म्हणाला, “तुमच्याकडचे शब्द संपतील, मी नाही संपायचा.”

आणि आता शेरेसाहेबांची निवृत्ती चार महिन्यांवर आली होती. तुकडीचा मुकादम गेल्या महिन्यातच निवृत्त झाला होता, त्याची जागा रिकामी होती, आणि नियमाने ती मेहुण्याला मिळायला हवी होती. अट एकच, शेवटच्या अहवालातला शेरा ‘समाधानकारक’ हवा.

बायकोने त्यांना डबा देताना गाठले. “चौतीस वर्षांत तुमच्या ऑफिसातलं मी कधी काही मागितलं नाही.”

“भावाची नोकरी कुणी मागितली होती?”

“ती सोडून. अहो, एक शब्द मागतेय मी. तोसुद्धा तुमचा नाही, छापील. सगळे लिहितात तो.”

“बघू.”

“तुमचं बघू म्हणजे नाही. तो सुधारलाय, तुम्हीच म्हणाला होता.”

हे मात्र खरे होते. गेल्या दोन-अडीच वर्षांत मेहुण्याने एक काम चोख केले होते. शेरेसाहेबांच्या वस्तीला पाणी देणारी उंच टाकी त्याच्याकडे होती. दर सहा महिन्यांनी ती धुतली जाई, ठरल्या तारखेला, आणि दुपारी बाराच्या आत शेरेसाहेबांच्या मोबाइलवर तारखेचा फोटो येई.

ही तारखेची पद्धत शेरेसाहेबांनीच सुरू केलेली. वीस वर्षांपूर्वी त्यांच्या लक्षात आले होते की टाकी धुतली की नाही हे खाली उभे राहून कुणालाच कळत नाही. तेव्हा त्यांनी नियम केला: टाकी धुऊन झाली की शेवटच्या माणसाने टाकीच्या आत, शिडीच्या पायाशी, तळापासून वीतभर उंचीवर पांढऱ्या रंगाने त्या दिवसाची तारीख घालायची. तिथे हात पोचायला टाकी पूर्ण रिकामी करावी लागते आणि गाळ काढावा लागतो. मग पर्यवेक्षकाने आत उतरून तारीख पाहायची आणि टाकी धुतल्याच्या प्रमाणपत्रावर सही करायची. सतरा वर्षे ते प्रत्येक वेळी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उतरले होते. पुढे गुडघेच बिघडले. चौऱ्याऐंशी पायऱ्या चढून वर, मग लोखंडी शिडीने आत. मेहुणाच म्हणाला, “भावजी, कशाला जिवाला त्रास? मी फोटो पाठवतो. भिंत तीच, तारीख तीच.” शेरेसाहेबांना ते पटले. राखाडी भिंत, ओला पांढरा रंग, व्यवस्थित आकडे. त्यांनी प्रत्येक फोटो छापून घेतला, प्रमाणपत्राच्या डाव्या कोपऱ्याला टाचणीने लावला, आणि सही केली. अशी पाच प्रमाणपत्रे.

म्हणून त्या आठवड्यात मेहुण्याच्या अहवालातल्या रकान्यात त्यांनी पेन्सिलने, अगदी पुसट, ‘समाधानकारक’ लिहून ठेवले होते. शाई शनिवारी भरायची होती.

गुरुवारी सकाळी बायको नळाखाली हंडा लावत होती. आठ-दहा दिवस पाण्याला वास येत होता. शेरेसाहेबांनी ‘पाइपात गंज असेल’ म्हणून तो विषय मिटवला होता, आणि तिने आपले नळाच्या तोंडाला फडके बांधून टाकले होते. फडके सोडताच ती ओरडली.

“अहो! इकडे या. आधी इकडे या!”

फडक्याच्या ओल्या घडीत एक पीस होते. करडे, चिकट, बोटभर लांबीचे, आणि त्याच्या देठाला पांढरट असे काहीतरी लोंबत होते, जे पिसाचे नव्हते. शेरेसाहेबांनी ते फडके उजेडाकडे नेले आणि लगेच खाली ठेवले. तासाभरापूर्वीच ते दोन पेले पाणी घटाघटा प्यायले होते, नेहमीसारखे, अनशापोटी.

“हे पाइपातलं आहे?” बायकोने विचारले.

दारात शेजारची शिंपीणबाई उभी होती, हातात बाटली. “साहेब, तुमच्या खात्याचं पाणी बघा जरा. आमचे सासरे परवापासून उलट्या करताहेत. मी म्हटलं वय झालंय, तर आज माझ्याच पोटात ढवळतंय.”

चहा न घेताच ते टाकीवर गेले. मेहुणा बादलीवर होता. भावजींना या वेळी पाहून त्याने करंगळी कानातून काढली.

“वर चढायचंय,” शेरेसाहेब म्हणाले.

“कोणी, तुम्ही? अहो गुडघे—”

“किल्ली दे.”

चौऱ्याऐंशी पायऱ्यांना त्यांना पंचवीस मिनिटे लागली. प्रत्येक वळणावर ते कठडा धरून थांबत. वर पोचल्यावर किल्लीची गरजच पडली नाही. झाकणाचे कुलूप गंजून तुटले होते आणि झाकण हातभर बाजूला सरकलेले होते. हवेच्या जाळीला भोक पडून तिचे तुकडे आत लोंबत होते. कबुतरांनी कठडा पांढरा करून टाकला होता. शेरेसाहेबांनी रुमाल नाकाला लावला आणि आत टॉर्च मारला.

पाण्यावर साय आली होती. सायच म्हणायची, दुसरा शब्द त्यांना सुचला नाही. तिच्यात पिसे अडकली होती, काड्या होत्या, आणि कोपऱ्यात फुगलेले एक कबूतर पाठीवर तरंगत होते. त्याच्या शेजारी आणखी एक, त्याचे फार काही उरले नव्हते. ज्या गोष्टीला वास यायला हवा तिला तो येतच होता, पण त्याच्याखाली आणखी एक जुना, दमट वास होता, बंद डब्यात विसरलेल्या अन्नासारखा. शेरेसाहेब कठड्याला टेकले आणि ओकले. नुसते पाणीच पडले. तेच पाणी.

त्यांनी वस्तीचा पुरवठा बंद करवला, तळाचा व्हॉल्व्ह उघडायला लावला आणि टाकी रिकामी होईपर्यंत वरच बसून राहिले. दुपारी दोन वाजता ते गमबूट घालून शिडीने आत उतरले. तळाशी पाय घोट्याच्याही वर गाळात गेला. काळा, लोण्यासारखा मऊ गाळ. पाय उचलला की तो सुटायला नाखूश असल्यासारखा आवाज करी. भिंतीवर शेवाळाचे थर हाताला सुटे लागत होते. तुकडीतल्या दोघांनी शिडीच्या पायाशी फावड्याने जागा केली. शेरेसाहेबांनी वाकून हातानेच भिंत पुसली.

जुन्या तारखा एकीखाली एक निघाल्या. अगदी खालची तारीख पावणेतीन वर्षांपूर्वीची. सातच्या आकड्याला मधून आडवी रेघ होती. तशी रेघ खात्यात एकच माणूस मारी. शेवटच्या खेपेला ते आत उतरले होते तेव्हा तुकडीतल्या माणसाच्या हातातून ब्रश घेऊन त्यांनी स्वतः ती तारीख घातली होती.

तिच्याखाली काही नव्हते. त्यांनी पुन्हा पुसले. सिमेंट होते, आणि शेवाळ.

खाली आल्यावर त्यांनी मोबाइल काढला आणि ते पाचही फोटो एकेक करून पाहिले, या वेळी चष्मा लावून. राखाडी भिंत, पांढरे आकडे. आणि आकड्यांवरून तिरपी गेलेली उन्हाची तिरीप. पहिल्या फोटोत ती थोडी होती. तिसऱ्यात अर्ध्या भिंतीवर लख्ख ऊन होते, आणि त्या उन्हात एका पानाची सावली. झाकण बंद असलेल्या टाकीच्या तळाशी, वीतभर उंचीवर, झाडाच्या पानाची सावली.

ते पंपघराच्या मागे गेले. पालथ्या बादलीच्या मागच्या भिंतीवर एक पांढुरका डाग होता. रॉकेलच्या बोळ्याने पुसलेल्या तारखा एकीवर एक बसल्या होत्या. बादलीशेजारी रंगाचा छोटा डबा आणि ब्रश. ब्रश वाळून दगड झालेला. तोही धुतला नव्हता.

“इथे,” ते म्हणाले. “बसल्या जागेवरून.”

मेहुणा जवळ येऊन उभा राहिला. त्याने नाही म्हटले नाही. नाही म्हणायलाही कष्ट पडतात.

“लोक पितात ते पाणी!” शेरेसाहेबांचा आवाज फाटला. “माणसं पितात! तुझी बहीण पिते! तुला लाज नाही तर नाही, किळस तरी?”

“भावजी, एक सांगू?”

“काय सांगणार तू?”

“पहिल्यांदा केलं तेव्हा मी घाबरलो होतो. दोन दिवस झोप नव्हती. म्हटलं, भावजींचा डोळा म्हणजे डोळा, ऊन दिसणारच त्यांना. तुम्ही संध्याकाळी फोन करून म्हणालात, शाब्बास, वेळेत केलंस. दुसऱ्यांदा म्हटलं बघू तरी. तिसऱ्यांदा तर भर उन्हातच काढला. तरी सही. मला वाटलं, तुम्हाला कळलंय. तुमचे गुडघे दुखतात, माझ्या अंगावर काटा येतो आत उतरायला. दोघांचं भागतंय. मला वाटलं, भावजी शेवटी आपल्यातले झाले.”

शेरेसाहेबांना त्याच्या तोंडात मारावेसे वाटले. हात वर गेलाही. पण हाताला गाळ लागलेला होता आणि त्या हाताने कुणालाही, त्यालासुद्धा, शिवणे त्यांना जमले नाही.

“गमबूट घाल,” ते म्हणाले. “आत हो. मी शिडीवर उभा आहे.”

संध्याकाळपर्यंत तुकडीने गाळ उपसला, भिंती घासल्या, ब्लीचिंग पावडरचे पाणी मारले. बारा वर्षांत पहिल्यांदाच मेहुण्याच्या हाताला फोड आले. त्याने ते तीनदा दाखवले, कुणी पाहिले नाही.

शेरेसाहेबांनी त्याला घरी आणले. ‘जे काय आहे ते ताईला तू सांगायचं’ असे ते वाटेत म्हणाले होते. पण घरी पोचेपर्यंत त्याचे अवसान गळाले होते. तो नेहमीच्या खुर्चीत बसला आणि नेहमीचेच बोलला, “ताई, पाणी नको गं, चहाच टाक.”

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने भावाकडे पाहिले. मग त्याच्या पिशवीकडे, तिच्यातून डोकावणाऱ्या बाटलीच्या बुचाकडे. शेरेसाहेबांनी तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू जागेवर येताना पाहिले, जसे त्यांचे स्वतःचे दुपारी भिंतीपाशी आले होते.

“तू आमच्याकडे पाणी का पीत नाहीस रे?”

“चहा आवडतो ना तुझा.”

“चहा उकळलेला असतो.”

त्याने पिशवी खुर्चीखाली सरकवली.

“किती वर्षं?” तिने विचारले. भावाला नाही, नवऱ्याला.

“पावणेतीन,” शेरेसाहेब म्हणाले, आणि मग सगळे सांगितले. कबुतरे, गाळ, पंपघरामागची भिंत. उन्हाचेही सांगितले. ते वगळता आले असते, मेहुण्याने काही ते आपण होऊन सांगितले नसते. पण पानाची सावली त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

बायको आत गेली. परत आली ती दोन पेले घेऊन. सकाळच्या हंड्यातले पाणी, पुरवठा बंद होण्याआधीचे. तिने एक पेला भावापुढे ठेवला, एक नवऱ्यापुढे.

“प्या.”

“ताई, काहीतरीच काय—”

“का? मी पावणेतीन वर्षं प्यायले. आल्यागेल्याला दिलं. शेजारच्या म्हाताऱ्याला औषध घ्यायला मीच दिलं, परवा. प्या की.”

पेल्याच्या तळाशी काहीतरी बारीक फिरत खाली बसत होते. कुणीच पेल्याला हात लावला नाही.

“अगं, मला माहीत नव्हतं,” शेरेसाहेब म्हणाले.

“ह्याला माहीत होतं, म्हणून हा प्याला नाही. तुम्ही बघितलंच नाहीत, म्हणून तुम्ही प्यालात. माझं काय? मी तर तुमच्या दोघांच्या भरवशावर प्यायले.” तिचा आवाज चढला नव्हता, तीच तर भीती होती. “जन्मभर तुम्ही माझ्या भावाला एकेक शब्द शोधून शोधून लावलेत. मला राग यायचा. आज मीच विचारते, काय लिहिणार?”

मेहुणा पायाच्या अंगठ्याने चप्पल चाचपत होता.

“पाट्याटाकू,” शेरेसाहेब म्हणाले.

“बरोबर आहे. तेच लिहा. आणि तुम्हाला?”

चौतीस वर्षांचे शब्द त्यांच्यापाशी होते. सुस्त? ते पहाटे पाचला उठत. कामचुकार? एक दिवस उशिरा गेले नव्हते. अंगचोर, आळशी, ऐदी, एकही बसत नव्हता. ते वेळेवर आले होते, फोटो छापला होता, टाचणी सरळ लावली होती, सही केली होती. सगळे सोपस्कार झाले होते.

“शोधत बसू नका मग,” बायको म्हणाली. “दोघांना एकच लिहा, म्हणजे झालं.” तिने दोन्ही पेले उचलले, मोरीत ओतले, आणि ते पेलेही घासायला न घेता सरळ बाहेर कचऱ्यात टाकून आली.

मेहुणा चहा न घेता गेला. जाताना त्याने चपला नीट घातल्या, टाचांसकट.

शुक्रवारी सकाळी तुकडीने टाकी पुन्हा एकदा धुतली. काम झाल्यावर शेरेसाहेब आत उतरले आणि तळाशी, आपल्या जुन्या तारखेच्या खाली, नवी तारीख घातली. उठताना दोघांना त्यांना धरावे लागले. मग त्यांनी पुरवठा सुरू करायला सांगितले.

शनिवारी त्यांनी पेन्सिलीचा ‘समाधानकारक’ खोडला. खोडरबराचा भुगा फुंकून टाकला आणि शाईने शेरा लिहिला. मग पट्टी घेतली आणि त्या रकान्याखाली, कागदाच्या मोकळ्या जागेत, तेवढाच आणखी एक रकाना आखला. त्यात आपले पद लिहिले आणि तोच शब्द पुन्हा लिहिला. पाचही प्रमाणपत्रे फोटोंसह मागे जोडली.

कार्यकारी अभियंता बाई वयाने त्यांच्या मुलीएवढ्या होत्या. त्यांनी कागद वाचला, पुन्हा वाचला.

“हा वरचा तुमचा मेहुणा ना? घरात काही वाजलंय का साहेब?”

“टाकीत वाजलंय मॅडम.”

“आणि हा खालचा? पर्यवेक्षकाला शेरा द्यायला नमुन्यात रकानाच नाही.”

“आखून घेतलाय.”

“अहो, चार महिने राहिलेत तुमचे. हे कागदावर आलं की चौकशी लागेल, निवृत्तीचे कागद अडकतील. मेहुण्याला पकडा, तुम्ही कशाला मध्ये येता? तुम्हाला फसवलंय त्याने.”

“तिसऱ्या फोटोत उजव्या बाजूला बघा,” शेरेसाहेब म्हणाले. “पान दिसतंय.”

बाईंनी फोटो जवळ धरला. मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि कागद फाइलीत घातला.

चौकशी लागली. मेहुण्याला तुकडीतून काढून भांडारात बसवले. तिथे बसण्याचेच काम आहे, त्यामुळे त्याचे काही अडले नाही. शेरेसाहेबांचे निवृत्तीचे कागद खरोखरच अडकले आणि निरोपसमारंभ झाला नाही. शिंपीणबाईचे सासरे बरे झाले, पण ती आता रस्त्यात भेटली तर पदर सावरण्याचे निमित्त करून दुसरीकडे बघते. खात्याच्या प्रयोगशाळेतल्या माणसाने वस्तीतले पाणी तीनदा तपासून नेले, तिन्ही वेळा ते स्वच्छ निघाले. तो कागद शेरेसाहेबांनी आणून बायकोला दाखवला.

तिने वाचला आणि परत दिला.

“ठेवा नीट,” ती म्हणाली, “टाचणी लावून.”

नळाच्या तोंडाचे फडके मात्र तिने काढले नाही. रोज सकाळी ती ते सोडते, उजेडाकडे धरून बघते, आणि मगच हंडा भरते. शेरेसाहेब शेजारी उभे असतात. आधी ते फडके बघायला मिळावे म्हणून हात पुढे करायचे. आता करत नाहीत. ती त्यांच्या हातात ते देत नाही.